वेलांटी शेवटी तपासा : मराठी मजकूर दुरुस्त करण्याचा क्रम

आमच्या इमारतीत जिन्याखाली एक फळा आहे. गेल्या उन्हाळ्यात सेक्रेटरींनी त्यावर हा कागद लावला होता :

‘सर्व सभासदांना कळवीण्यात येते कि टाकी साफ करायची आहे सोमवारी पाणी येणार नाही दुपार नंतर टँकर बोलावला आहे प्रत्येकाने दोन हंडे भरुन ठेवावे व गच्ची वर कपडे वाळत घालू नये केल्यास दंड होईल ज्यांना अडचण आहे त्यांनी सेक्रेटरी ला फोन करावे’

इमारतीच्या ग्रूपवर लगेच त्याचा फोटो फिरला. ‘कि’, ‘भरुन’ आणि ‘कळवीण्यात’ यांच्याभोवती लाल गोल काढलेले, खाली हसरे चेहरे. सोमवारी सकाळी मात्र दुसऱ्या मजल्यावर कपड्यांचा ढीग साबणात भिजवून ठेवलेला आणि नळ कोरडा. त्या घराने ‘पाणी येणार नाही दुपारनंतर’ असं वाचलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ‘टाकी साफ करायची आहे सोमवारी’ असं वाचून, साफसफाई झाली की पाणी येईलच, या भरवशावर एक तांब्याही भरला नव्हता. वेलांटीमुळे कोणाचंच काही अडलं नव्हतं.

मी वीस-बावीस वर्षं प्रुफं वाचते. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली. मराठी लिहिणारा माणूस ऱ्हस्व-दीर्घाला सगळ्यात जास्त घाबरतो आणि वाचणाऱ्याची सगळ्यात जास्त फसगत होते ती वाक्याच्या जोडणीत, विरामचिन्हांत आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत. म्हणून तपासणीचा माझा क्रम शाळेत शिकवतात त्याच्या उलटा आहे. आधी वाक्य, मग क्रियापद, मग विरामचिन्हं, मग जोडणं-तोडणं, मग अनुस्वार आणि अगदी शेवटी वेलांट्या-उकार. हाच कागद घेऊन तो क्रम दाखवते. तुमच्या हातात अर्ज असेल, लग्नाची पत्रिका असेल किंवा ब्लॉगचा लेख असेल, पायऱ्या त्याच.

पायरी पहिली : वाक्य कुठे संपतं ते ठरवा

पेन बाजूला ठेवून मजकूर एकदा मोठ्याने वाचा. श्वास कुठे थांबतो ते बघा. दोन ठिकाणी थांबता येत असेल आणि दोन्ही वेळा अर्थ लागत असेल, तर तिथे खड्डा आहे.

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. ‘होते’, ‘केले’, ‘गेले’ आलं की वाक्य संपलं, हे कानाला आपोआप कळतं. मोडी लिपीत हात न उचलता, शब्दांमध्ये जागा न सोडता, विरामचिन्हांशिवाय लिहिलेली पत्रं माणसं वाचत होती, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. शेवटी बसलेलं क्रियापदच पूर्णविरामाचं काम करी. पण बोलताना आपण क्रियापदानंतरही शब्द टाकतो. ‘येणार नाही मी उद्या’, ‘पाणी गेलं सकाळीच’. बोलताना आवाजाचा चढउतार सांभाळून घेतो. तेच वाक्य कागदावर उतरलं की मागे राहिलेला शब्द अनाथ होतो. तो आधीच्या वाक्याचा की पुढच्या, हे कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या कागदात असे दोन अनाथ शब्द आहेत, ‘सोमवारी’ आणि ‘दुपारनंतर’. मी पेन घेऊन बसले, आणि पूर्णविराम कुठे द्यायचा तेच मला कळेना, कारण सेक्रेटरींना काय म्हणायचं आहे हे मला माहीत नव्हतं. खाली जाऊन विचारावं लागलं. ते म्हणाले, “अहो, सोमवारीच टाकी साफ करायची, सोमवारीच पाणी बंद, टँकर दुपारनंतर. स्पष्ट तर लिहिलंय!” त्यांच्या डोक्यात ते स्पष्टच होतं.

उपाय सोपा आहे. काळ, वेळ, जागा सांगणारा शब्द त्याच्या वाक्याच्या सुरुवातीला न्या आणि क्रियापद शेवटी ठेवा : ‘सोमवारी पाण्याची टाकी साफ करायची आहे. त्या दिवशी नळाला पाणी येणार नाही. दुपारनंतर टँकर बोलावला आहे.’ एवढं केलं की निम्मी कामगिरी फत्ते.

याच पायरीवर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे शेपूट, म्हणजे खरं तर मुंडकं, उडवून टाका. सूचना फळ्यावर लावली म्हणजे कळवलंच. सरकारी पत्रांमधून हा ‘करण्यात येत आहे’ आपल्या हाडीमाशी भिनला आहे. त्यात काम कोण करणार हे लपवायची सोय असते, म्हणून तो टिकून आहे.

पायरी दुसरी : क्रियापद कोणाकडे बघतंय?

‘प्रत्येकाने दोन हंडे भरून ठेवावे’, ‘कपडे घालू नये’, ‘त्यांनी फोन करावे’. तिन्ही ठिकाणी क्रियापद चुकलं आहे आणि तिन्ही चुकांचं कारण एकच आहे.

शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकवले होते. व्याख्या विसरलात तरी चालेल, ही चाचणी लक्षात ठेवा. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माकडे बघतं. सेक्रेटरींनी टाकी साफ केली, टाक्या साफ केल्या, जिना साफ केला. कर्मालाही ‘ला’ किंवा ‘ना’ लागला, तर क्रियापद कोणाकडेच बघत नाही, नपुंसकलिंगी एकवचन धरून बसतं. सेक्रेटरींनी वॉचमनला बोलावलं, बायकांना बोलावलं, सगळ्यांना बोलावलं.

आता कागदाकडे या. ‘प्रत्येकाने’ला ‘ने’ आहे, म्हणून क्रियापद हंड्यांकडे बघणार. हंडे अनेक, म्हणून ‘ठेवावेत’. कपडे अनेक, म्हणून ‘घालू नयेत’. फोन एक आणि पुल्लिंगी, म्हणून ‘करावा’. ‘फोन करावे’ हे आदरापोटी झालं असावं. सेक्रेटरींना मान द्यायचा म्हणून क्रियापदाला मान दिला गेला. पण तो फोन आहे, त्याला मानाची गरज नाही.

दोन सापळे सांगते. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना ‘ने’ दिसत नाही, तरी भूतकाळात क्रियापद कर्माकडेच बघतं : मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला. आणि म्हणणे, शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याच्या मागे जातात : मी चावी विसरले, तो कविता शिकला. त्यामुळे ‘तो म्हणाला’ बरोबर, ‘त्याने म्हटलं’ बरोबर, पण ‘त्याने म्हणाला’ हे मुलं बोलतात आणि मोठी माणसं चुकून लिहून जातात.

‘घालू नये केल्यास’ हा प्रकार तर गावोगावच्या भिंतींवर आहे. ‘केल्यास’ म्हणजे काय केल्यास? आधी ‘घालणे’ आलं आहे, तर पुढे ‘घातल्यास’च हवं. थुंकू नये, थुंकल्यास दंड. गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल.

‘करून’, ‘भरून’ यांतल्या ‘ऊन’कडेही इथेच लक्ष द्या. ‘नळ बंद करून टँकर येईल’ असं लिहिलं, तर टँकरच नळ बंद करणार असा अर्थ होतो. ‘ऊन’ लावलेली क्रिया आणि मुख्य क्रिया यांचा कर्ता सहसा एकच असतो. तो वेगळा असेल तर ‘नळ बंद केल्यावर टँकर येईल’ असं लिहा.

पायरी तिसरी : विरामचिन्हं

विरामचिन्हं ही आपल्याकडे पाहुणी म्हणून आली. पोथ्यांमध्ये एक दंड (उभी रेघ), दोन दंड, बस्स. इंग्रजीच्या धर्तीवरची चिन्हं मराठीत रुजवण्याचं काम मेजर थॉमस कँडी यांनी केलं. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० सालचं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण त्याच्या चौदा वर्षं आधी, १८३६ मध्ये छापून आलं होतं. म्हणजे छापील मराठी वाक्याला स्वल्पविराम लावायची सवय पावणेदोनशे वर्षांची. हिंदीने पूर्णविरामासाठी उभा दंड ठेवला, मराठीने टिंब घेतलं. फोनच्या कळफलकाने तुम्हाला उभा दंड पुढे केला, तर तुम्ही हिंदी कळफलकावर आहात असं समजा.

सगळ्यात जास्त काम स्वल्पविरामाला. दोन वाक्यं बघा :

पाटील साहेब आले नाहीत.
पाटील, साहेब आले नाहीत.

पहिल्यात पाटील हेच साहेब आहेत आणि ते गैरहजर आहेत. दुसऱ्यात पाटलांना कोणीतरी साहेबांची बातमी देत आहे. हाक मारली की स्वल्पविराम हवाच. आणखी एक जोडी, ही चॅटवर रोज घात करते :

नाही आला तरी चालेल.
नाही, आला तरी चालेल.

एकात पाहुण्याला यायची सक्ती नाही, दुसऱ्यात यायची परवानगी आहे. ‘नाही’, ‘हो’, ‘बरं’, ‘अहो’ सुरुवातीला एकटे आले की त्यांच्यामागे स्वल्पविराम द्यायची सवय लावा.

बाकीच्या जागा थोडक्यात. ज-त जोडीच्या सांध्यावर स्वल्पविराम : ‘ज्यांना अडचण आहे, त्यांनी…’, ‘जेव्हा पाणी येईल, तेव्हा…’. ‘पण’, ‘परंतु’ यांच्या आधी. यादीत प्रत्येक नावानंतर, शेवटच्या ‘आणि’च्या आधी नको. ‘की’च्या बाबतीत घराघरात भांडणं आहेत. कोणी आधी देतं, कोणी नंतर. माझ्या मते दोन्हीची गरज नाही. ‘तो म्हणाला की उद्या येतो’ हे स्वच्छ वाचता येतं. प्रत्यक्ष शब्द द्यायचे असतील तर ‘की’ काढा आणि अवतरण द्या : तो म्हणाला, “उद्या येतो.”

अर्धविराम हल्ली कोणी वापरत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं. ‘गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत; घातल्यास दंड होईल.’ दोन वाक्यं पूर्ण आहेत आणि एकमेकांना धरूनही आहेत. इथे पूर्णविराम तोडून टाकतो, स्वल्पविराम अपुरा पडतो.

अवतरणचिन्हं जोर देण्यासाठी वापरू नका. दुकानावर ‘शुद्ध’ तूप असं अवतरणात रंगवलेलं दिसलं की माझा हात पिशवीकडे न जाता मागे येतो. अवतरण म्हणजे ‘हे माझे शब्द नाहीत’ किंवा ‘असं म्हणतात बुवा’. तुपाच्या बाबतीत दोन्ही अर्थ महागात पडणारे.

आता एक बारीक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही पण संगणकाला दिसते. विसर्ग आणि अपूर्णविराम, म्हणजे ‘ः’ आणि ‘:’, ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘विशेषतः’ यांत विसर्ग हवा. बरेच जण तिथे अपूर्णविराम टंकतात. मग फाइलमध्ये ‘स्वतः’ शोधलं की अर्धेच सापडतात. उलट चूक पत्रांत असते : ‘विषयः’ असं विसर्गाने लिहिलं, की ते ‘विषयह’ असं वाचावं लागतं. म्हणूनच मराठी छपाईत अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडतात, ‘विषय :’ अशी. या लेखातही तेच केलं आहे.

तीन-तीन उद्गारचिन्हं आणि वाक्यावाक्यामध्ये टिंबांची माळ, यांबद्दल काही बोलत नाही. माझी बहीणसुद्धा तशीच लिहिते.

पायरी चौथी : जोडा, तोडा

फोन आल्यापासून मराठीत ही चूक सगळ्यात वेगाने पसरली. ‘दुपार नंतर’, ‘गच्ची वर’, ‘सेक्रेटरी ला’, ‘ऑफिस मध्ये’. एक शब्द टंकला की फोन आपणहून जागा सोडतो, पुढचा शब्द सुचवतो. शिवाय हिंदीत ‘राम ने’, ‘घर में’ असं तोडून लिहितात, तेही डोळ्यात बसलं आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला चिकटतं : दुपारनंतर, गच्चीवर, सेक्रेटरींना, ऑफिसमध्ये. मूळ शब्द परका असला तरी सूट नाही.

हे फक्त दिसण्यापुरतं नाही. बघा :

त्यानंतर आल्या. म्हणजे अमुक एक गोष्ट झाली, मग आल्या.
त्या नंतर आल्या. म्हणजे बाकीचे आधी आले, त्या बाई उशिरा.

मी पण येतो. म्हणजे मीसुद्धा.
मीपण येतं. म्हणजे अहंकार येतो.

चाचणी अशी : मागच्या शब्दाचं रूप बदललं आहे का? ‘घर’चं ‘घरा’ झालं, ‘बँक’चं ‘बँके’ झालं, ‘तो’चं ‘त्या’ झालं, म्हणजे त्याने पुढच्याला धरायला हात पुढे केला आहे. मग त्याला जोडा : घरासमोर, बँकेत, त्यामुळे. जिथे रूप बदलत नाही तिथेही ‘मध्ये, वर, साठी, मुळे, नंतर, पर्यंत, कडे, बरोबर, समोर’ ही मंडळी दिसली की आधी जोडायचाच विचार करा. ‘च’ आणि ‘ही’ जोडून : तिथेच, काहीही. प्रश्नाचा ‘का’ आणि लाडातला ‘ना’ सुटे : येतोस का, ये ना.

संयोगचिन्ह जोडीत वापरा : आई-वडील, पाच-सहा, येणं-जाणं. ‘पाच सहा माणसं’ असं सुटं लिहिलं तरी लोक समजून घेतात, पण हिशेबाच्या कागदावर ‘५ ६’ असं लिहून बघा, मग कळेल.

पायरी पाचवी : डोक्यावरचं टिंब

अनुस्वार आज मराठीत मुख्यतः दोन कामं करतो. एक, ‘संप’, ‘चिंच’, ‘सिंह’ यांसारख्या शब्दांत नाकातला उच्चार दाखवतो. हे काम कोणी चुकत नाही. दुसरं काम मोजणीचं आणि मानाचं. इमारतीत म्हणजे एका इमारतीत, इमारतींत म्हणजे अनेक. सभासदाला एक, सभासदांना अनेक. आणि एकाच माणसाला मान द्यायचा असेल तर तोही अनेकवचनी होतो : सेक्रेटरींना, बाबांचा, डॉक्टरांनी. ‘सेक्रेटरीला फोन करावा’ हे व्याकरणात चुकीचं नाही, पण फळ्यावर ते उद्धट दिसतं. एका टिंबाचा आणि एका अक्षराचा फरक.

जुनी पुस्तकं वाचताना जपून. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यात चारांची भर पडली. त्यांत उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधी नांव, पांच, कांहीं, तेथें असं लिहीत, आणि ‘घरांत’ हे एका घराबद्दलही असू शकत होतं. आजोबांच्या वहीत ‘घरांत’ दिसलं म्हणून त्यांना दोन घरं होती असं समजू नका. जुना उतारा छापायचा झाला तर काय करायचं, याचाही नियम त्यांत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य आणि केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम ठेवायचं, त्यांच्यापासून पुढचं नव्या नियमांनी.

त्याच नियमांमध्ये बोलण्यातल्या रूपांनाही जागा आहे. ‘असे केले’ हे बोलण्यात ‘असं केलं’ होतं आणि तसं लिहिताना शेवटच्या अक्षरावर अनुस्वार द्यायचा. हा लेख मी त्या रूपात लिहिते आहे. फळ्यावरची सूचना मात्र ‘ठेवावेत’, ‘आहे’ अशी औपचारिक. कोणतं रूप घ्यायचं ते तुमच्या मर्जीवर, फक्त एकाच परिच्छेदात ‘केले’ आणि ‘झालं’ गळ्यात गळे घालून फिरू देऊ नका. प्रूफ वाचताना हा घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो.

पायरी सहावी : आता वेलांट्या

इथवर आलात की मजकूर एकाच अर्थाने वाचला जातो. आता तो नीटनेटका करायचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नव्हता. एकच वेलांटी, एकच उकार. त्यामुळे आपल्या पणजोबांना ही डोकेदुखी नव्हती. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपीत आणि छपाईत ती आली.

अठरा नियम पाठ करायची गरज नाही. रोजच्या मजकुरातल्या बहुतेक चुका पुढच्या चाचण्यांत पकडल्या जातात.

शेवटचं अक्षर इकारान्त किंवा उकारान्त असेल तर दीर्घ. मी, तू, की, ही, कवी, बुद्धी, शक्ती, गुरू, वस्तू. अपवाद ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे मोजके. हिंदीत ‘शक्ति’, ‘कवि’ लिहितात, म्हणून फोन तेच सुचवतो. ऐकू नका. पण तोच संस्कृत शब्द समासात पुढे आला की ऱ्हस्व होतो : कविराज, गुरुवार, वस्तुस्थिती, शक्तिपीठ.

‘ऊन’ नेहमी दीर्घ. करून, भरून, म्हणून, इथून, पासून. ही एक गोष्ट पाळलीत तरी निम्म्या लाल खुणा जातील. आणि ‘घेवून’ की ‘घेऊन’? मूळ धातू काढून बघा. घे, जा, ये यांत ‘व’ नाही, म्हणून घेऊन, जाऊन, येऊन. ठेव, धाव, जेव यांत ‘व’ आहे, म्हणून ठेवून, धावून, जेवून.

शेवटून दुसरं अक्षर कानाने ठरवा. ‘गरीब’ म्हणताना शेवटचा ‘ब’ जवळजवळ हलन्त (पाय मोडलेला, ‘ब्’) होतो आणि सगळा भार ‘री’वर येतो, म्हणून दीर्घ. ‘गरिबी’ म्हणताना भार पुढे सरकतो, ‘रि’ आखडते. वकील-वकिलाला, बहीण-बहिणीला, फूल-फुलाला, सून-सुनेला, वीट-विटा. नियमाची भाषा लांबलचक आहे, पण त्याच्या मुळाशी हा उच्चारच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला दाद देत नाहीत : गुण, विष, मंदिर एकीकडे आणि पूजा, भीती, परीक्षा, शरीराला दुसरीकडे. यांना युक्ती नाही. चुकणारे पंचवीस-तीस शब्द कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. माझ्या टेबलासमोर अजून आहे तो कागद.

‘इक’ने संपणारी विशेषणं ऱ्हस्व : सामाजिक, वार्षिक, प्रामाणिक, नागरिकही त्याच घरातला. ‘ईय’ दीर्घ : भारतीय, राष्ट्रीय. ‘इत’ ऱ्हस्व : मर्यादित, प्रकाशित.

‘महत्त्व’ला दोन त का? कारण महत् + त्व. पहिल्याचा त स्वतःचा, दुसऱ्याचा प्रत्ययाचा. तसंच तत्त्व, व्यक्तिमत्त्व. पण अस्ति + त्व मध्ये जास्तीचा त येणार कुठून? म्हणून अस्तित्व, नेतृत्व. सगळ्याच ठिकाणी दोन त ठोकणारेही भेटतात.

आमच्या कागदावरचे ‘कि’, ‘भरुन’, ‘कळवीण्यात’ हे तीन शब्द आता दोन मिनिटांत सुटतात. खरं म्हणजे ‘की’ आणि ‘कळविण्यात’ पहिल्याच पायरीवर उडाले होते. वाक्य आधी तपासायचा हा आणखी एक फायदा. जे काढायचंच आहे त्याची वेलांटी सुधारत बसावं लागत नाही.

कळफलकाचं थोडं

फोनमध्ये मराठी कळफलकच घ्या, हिंदी नको. ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ हाताशी हवेत. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत किती अंतर आहे ते मी एकदा भोगलं आहे. एका सप्ताहाची पत्रिका माझ्या हाताखालून गेली. तिच्यात ‘आचार्यांचा सत्कार’ असं हवं होतं, छापून आलं ‘आचाऱ्यांचा सत्कार’. प्रूफ मीच वाचलं होतं, दोष छापखान्याचा नव्हता. तीनशे पत्रिकांवर पट्टी चिकटवत बसलो. मंडपात स्वयंपाक करणाऱ्या महाराजांनी एक जुनी पत्रिका मुद्दाम मागून घेतली, घरी लावायला. दर्या आणि दऱ्या हीसुद्धा अशीच जोडी, एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या.

‘ॲप’, ‘ॲड्रेस’ यांतला ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ‘अ’वर चंद्र ठेवूनही तो तयार करतात. दिसायला सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. एका फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा.

काय दुरुस्त करू नये

कोणाच्या तोंडचं बोलणं. कथेतला माणूस ‘पानी नाय आलं’ म्हणत असेल तर तेच बरोबर आहे, त्याला ‘पाणी आले नाही’ म्हणायला लावणं ही चूक. माणसांची नावं, ती स्वतः लिहितात तशीच. दुसऱ्याच्या लेखातला उतारा. आणि ग्रूपवरच्या लोकांची वाक्यं, त्यांनी मागितल्याशिवाय. ‘शुद्धलेखन’ या शब्दाऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणणारे बरेच जण आहेत, मीही त्यातलीच. गावाकडून आलेली चिठ्ठी अशुद्ध नसते, ती वेगळ्या मराठीत असते.

शेवटी फळ्यावर हा कागद लागला :

‘सूचना
सोमवारी पाण्याची टाकी साफ करायची आहे, त्यामुळे त्या दिवशी नळाला पाणी येणार नाही. दुपारनंतर टँकर बोलावला आहे. प्रत्येकाने रविवारी रात्री दोन हंडे भरून ठेवावेत. गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत; घातल्यास दंड होईल. ज्यांना काही अडचण आहे, त्यांनी सेक्रेटरींना फोन करावा.’

टाकी वर्षातून दोनदा साफ होते, तेव्हा सेक्रेटरींनी तो जपून ठेवला आणि दिवाळीच्या आधी पुन्हा लावला. संध्याकाळी त्याच्या खाली कोणीतरी निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘दुपारनंतर म्हणजे किती वाजता’. प्रश्नचिन्ह नव्हतं. त्याच्या खाली सेक्रेटरींच्या अक्षरात, ‘तीन.’ पूर्णविरामासकट.